डावा गुडघा आणि माझी इटालियन

मुरुड, शुक्रवार संध्याकाळ

दमलो आज. डावा गुडघा ठणकतोय. डॉक्टर म्हणाले, क्लचची गाडी आता बंद. म्हणजे माझी दोन दारांची इटालियन कूपे विकायची. नारळाचा पिकअप बायको, सुनंदा, चालवते, त्याची काळजी नाही. पण ही गाडी माझी एकट्याची.

अकरा वर्षांत तिचं कौतुक कोणी केलं? लोक थांबवून विचारतात, "ही कुठली?" नाव सांगितलं की तोंडं पडतात. त्यांना मोठ्या नावाची हवी असते. पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग टर्बो जागा होतो आणि पाठ सीटला चिकटते. तेवढ्या क्षणासाठी ठेवली इतकी वर्षं.

दुपारी पनवेलहून गिऱ्हाईक आलं. चालवून दाखवा म्हणाले. मला क्लच दाबवेना. सुनंदालाच म्हटलं, तू ने यांना. तिने त्या स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता.

परतली ती खिडकीतूनच ओरडत. "अहो, ही आधी झोपते नि मग उडते! मला का न्हाय दिलीत कधी?"

पनवेलचे गृहस्थ घाम पुसत उतरले. "वहिनी, मग व्यवहार पक्का ना?"

"न्हाय," सुनंदा म्हणाली, आणि चावी कमरेला खोचली.

मी का नाही दिली? मागितली नाही म्हणून? की मला सुचलंच नाही?

उद्या ती मला अलिबागला नेणार आहे. मी शेजारी बसायचं. त्या सीटवरून समुद्र कसा दिसतो, मी अजून पाहिलेलं नाही.