तिसरीच्या वर्गातली काच

२० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तूही वेळेवर जेवतेस असं धरून चालतो, कारण विचारलं तर तू खोटंच सांगणार. पत्रास कारण विशेष नाही. फोनवर तुझं 'बाबा, मीटिंगमध्ये आहे' ऐकण्यापेक्षा खाणीच्या बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट दिलेलं बरं. तो रोज तुमच्या मुख्य कचेरीत येतोच.

कंपनीच्या नळांना आता दोन्ही वेळ पाणी येतं. त्यामुळे बायकांचं भांडायचं ठिकाण गेलं, म्हणून त्या दवाखान्यात जमतात. तिथे पंखा आहे, बाकडी आहेत आणि डॉक्टरीणबाई कोणाला हाकलत नाहीत. निम्म्या जणींना काही झालेलंही नसतं. शिवणवर्गातून मुलांचे गणवेश आले, सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत आखूड. तरी मुलं खूश. हे सगळं तू कंपनीच्या मागे लागून गावात आणलंस, म्हणून लोक मला आता 'ठमीचे वडील' म्हणतात. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण ही पदवी मिळायला तुझी नोकरी लागली.

शाळा छान आहे. तिसरीच्या वर्गातल्या काचेच्या तिन्ही पट्ट्या शाबूत आहेत. सप्टेंबरात त्या बारीक भेगेवर तुझ्या साहेबांसमोर मीच त्या बसवल्या होत्या ना? दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा, मध्ये काच आणि काचेवर खिळ्याने कोरलेली तारीख. भिंत केसभर सरकली तरी काच तडकणार. सहा महिने टिकली, तर सुरुंगांचा शाळेला धोका नाही असं तू लिहून देणार. मग गावाच्या बाजूचा नवा खड्डा सुरू होणार आणि शाळेवर कंपनीच्या खर्चाने दुसरा मजला चढणार. मजला अजून कागदावर आहे, पण त्याच्या खिडक्यांना कुठला रंग द्यायचा यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालंय.

एक विचारायचं होतं. बारा मार्चला तपासायला येणारा माणूस नुसती काच बघतो, की कोरलेलं अक्षरही निरखून बघतो? सहज विचारलं.

तुझी आई जरा अबोल आहे. घसा धरला असेल.

तुझा,
बाबा


२ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. तू लिहिलंस, 'तपासायला दुसरं कोणी येणार नाही, मीच येणार आहे. आणि तुमच्या हातचं काम मी काय तपासणार, बाबा?' ती ओळ मी तीनदा वाचली. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं. नेहमी तुझी पत्रं तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवतो, हे दाखवलं नाही. तिने मागितलंही नाही.

तुला शाळेतला एक खेळ सांगतो. दुपारी एकला खाणीचा भोंगा होतो, मग सुरुंग. भोंगा झाला की तिसरीची मुलं बाकावर पेन्सिली उभ्या करतात आणि श्वास रोखून बसतात. ज्याची पेन्सिल उभी राहील तो त्या दिवसाचा राजा. शिकवणाऱ्या बाईही थांबतात, कारण त्या दोन मिनिटांत तसंही कोणी ऐकत नाही. दिवाळखोरीत निघालेलं राज्य झालंय ते आता. पावसाळ्यानंतर रोज पाच-सहा राजे व्हायचे. गेल्या महिन्यात एकही झाला नाही. काल एक मुलगी मला म्हणाली, "आजोबा, आम्ही खेळ बदललाय. आता ज्याची शेवटी पडेल तो राजा."

मी हसलो. तुझी आई तिथेच घंटेपाशी उभी होती, ती हसली नाही. शाळेतली शिपाईगिरी मिळाल्यापासून ती त्या इमारतीला घरापेक्षा जास्त ओळखते. मागच्या पत्राच्या आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती, "तुमच्या नखांत सिमेंट आहे. काम तर कुठेच चालू नाही." मी म्हटलं, परसातली मोरी लिंपली. तिने जाऊन मोरी बघितली. तेव्हापासून ताट वाढते, पण बोलत नाही. तेव्हा घशाचं मी लिहिलेलं खरं धरू नकोस.

माझं एक ऐक. तो अहवाल महिनाभर पुढे ढकलता येईल का? उन्हाळ्यात भिंती वेगळ्या वागतात, सिमेंट आणखी सुकतं, शिवाय माझी नजरही हल्ली अधू झाली आहे, नीट बघायला वेळ हवा. साहेबांना काहीतरी सांग. माझ्या तब्येतीचं सांगितलंस तरी चालेल.

मजल्यासाठी विटा येऊन पडल्या आहेत. चांगल्या भाजलेल्या आहेत. मी मात्र अजून एकही हातात घेतलेली नाही.

तुझा,
बाबा


१० मार्च

ठमे,

आशीर्वाद नंतर. आज पत्रास कारण आहे.

अहवाल पुढे ढकलता येणार नाही, मजल्याच्या समारंभाचे सगळे पाहुणे ठरलेत, असं तू कळवलंस. वर विचारलंस, 'बाबा, काही लपवताय का?' हो, लपवतोय.

त्या पट्ट्या सप्टेंबरातल्या नाहीत. नऊ नोव्हेंबरला सुरुंगानंतर मधली काच तडकली. मी तुकडे काढले, नवी पट्टी कापून बसवली आणि तिच्यावर खिळ्याने बारा सप्टेंबर कोरलं. जानेवारीत मधली आणि वरची तुटली. फेब्रुवारीत तिन्ही. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच मी त्या बदलल्या होत्या. अक्षराचं विचारत होतो ते 'सहज' नव्हतं. खाई त्याला खवखवे.

का केलं, तेही लिहितो. मला वाटलं दोष माझाच आहे. तिसरीच्या वर्गाचा कोपरा जुन्या भरावावर येतो. पाया आणखी दोन हात खोल जायला हवा होता. तेव्हा उद्घाटनाची तारीख जवळ आली होती आणि तू रोज फोन करत होतीस, 'बाबा, होईल ना?' तुझं पहिलं मोठं काम होतं. मी म्हटलं होईल, आणि खणणं थांबवलं. उद्घाटनाच्या दिवशी तुझ्या मोठ्या साहेबांनी मला व्यासपीठावर बोलावून सांगितलं, ही आमची अधिकारी आणि हे तिचे वडील, यांनीच शाळा बांधली. तू माझ्याकडे बघत होतीस. इतकं सुख मला आयुष्यात कशाने झालं नव्हतं. पहिली काच तुटली तेव्हा मला तुझा तो चेहरा आठवला. भेग नंतर बुजवू, आधी पोरीची मान खाली जायला नको, एवढंच डोक्यात आलं. एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

आता मला वाटतं दोष निम्मा माझा आणि निम्मा सुरुंगांचा आहे. कदाचित सगळाच माझा असेल. ते शिकलेल्या माणसांनी ठरवावं. तुम्ही कंपनीवाले, मी गवंडी आणि गावकरी मिळून दोष कोणाचा यावर वर्षभर भांडू, पण त्या भिंतीखाली अडतीस मुलं बसतात.

काल एकचा सुरुंग झाला आणि तिसरीचं दार अडकलं. चौकट दबली होती. मुलं आत, बाई आत. आधी मुलांना मजा वाटली, मग एक रडायला लागलं आणि पाठोपाठ सगळीच. तुझ्या आईने खांद्याने तीनदा धडका दिल्या. चौथ्यांदा मी होतो, तेव्हा उघडलं. सगळी बाहेर आल्यावर तिने मुलं मोजली, मग पुन्हा मोजली. माझ्याशी अठरा दिवसांनी बोलली. म्हणाली, "तिला आजच लिहा. नाहीतर मी लिहीन, आणि मला लिहिता येत नाही हे विसरून लिहीन."

तिचा खांदा काळानिळा पडलाय. डॉक्टरीणबाईंना दाखवला, हाड शाबूत आहे.

आज सकाळी मी शाळेला कुलूप लावलं. मुख्याध्यापकबाई तावातावाने आल्या. "कोणाला विचारून?" मी म्हटलं, बांधताना कोणी विचारलं नव्हतं, बंद करताना कशाला? हे मी उर्मटपणे बोललो, त्यांची माफी मागायची राहिली आहे. पण एकला त्या बाहेरून भिंतीपाशी गेल्या, भेगेत बोट घालून आल्या आणि मग स्वतःच मुलांना बसथांब्याच्या शेडमध्ये घेऊन बसल्या. गावातले लोक जास्त चिडलेत. मजला गेला, खाणीतल्या नव्या नोकऱ्या गेल्या, म्हातारा शुद्धीवर नाही. दोघा-तिघांनी आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं. त्यांचं चुकत नाही. कंपनीने पाणी दिलं, दवाखाना दिला, ते खरंच आहे. मी मध्ये खोटी काच लावली, तेही खरंच आहे.

पाकिटासोबत ड्रायव्हर तुला एक पत्र्याचा डबा देईल. जपून उघड, हाताला लागेल. तुटलेल्या सगळ्या काचा आहेत त्यात, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे. चिठ्ठीवर खऱ्या तारखा आहेत. टाकून देता आल्या असत्या, पण दर वेळी हात थांबला. कुठेतरी मला माहीत असणार की एक दिवस तुला द्याव्या लागतील.

यामुळे तुझ्या नोकरीचं काय होईल, मला कल्पना नाही. हे पत्र जाळून, डबा नदीत टाकून परवा सहीही करता येईल तुला. मी तोंड उघडणार नाही, तुझी आई मात्र उघडेल. पण ठमे, लहानपणी तू ओळंबा हातात धरून माझ्या भिंतींना 'वाकडी आहे' म्हणायचीस आणि मी चिडून पाडून पुन्हा बांधायचो. तेव्हा तुझं कधीच चुकलं नाही.

सही करायच्या आधी एकटी ये. किल्ली माझ्या खिशात आहे, तुझ्याशिवाय कोणाला देणार नाही. तिसरीच्या वर्गात तू पाऊल टाकायचं नाहीस, दारातूनच बघ. आणि अहवालात काचा कोणी बदलल्या ते लिहायची वेळ येईल, तेव्हा माझं नाव स्पष्ट लिही. नावापुढे 'वडील' लिहू नकोस.

आशीर्वाद आहेतच, तू घेशील तर.

शाळेचा गवंडी