रिमोटचे सेल

अहो,

रागासकट नमस्कार. मी सुखरूप आहे. आईंना एवढंच सांगा, पुढचं तुमच्यासाठी.

परवा रानात नकाशासाठी पाणवठ्यांच्या जागा टिपताना जीपीएसचे सेल संपले. ते संपतातच, म्हणून मी नवी जोडी डबीत ठेवते. ती घातली, तर यंत्र ढिम्म. नीट पाहिलं, तर एका सेलवर धाकटीच्या दातांच्या खुणा. आपल्या रिमोटचे सेल! मी सुट्टीवर आले तेव्हा माझे नवे काढून घेतलेत आणि हे मेलेले डबीत भरलेत. विचारायला तोंड नव्हतं?

वाट चुकले. ओढ्याच्या कडेने चालत अंधार पडता पडता तळावर पोचले. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, साधे सेल तपासता येत नसतील तर घरी बसा." तुमचंच वाक्य, नाही का? यंत्र काढून घेतलंय. ते परत मिळणार की मला घरी पाठवणार, सोमवारी कळेल.

धाकटीचा खोकला थांबला का? रात्री पांघरूण लाथाडते, बघत जा.

साहेबांना तुमचं नाव सांगितलेलं नाही. लाज वाटली.

टीव्ही छान लागतोय ना? बघा पोटभर.

तुमचीच, इलाज नाही म्हणून