मधली खुर्ची

ता. ६ मार्च

चि. ठकीस,
अ. आ. मधला ‘उत्तम’चा ‘उ.’ मुद्दाम गाळला आहे. तू तीनदा फोन केलास, मी तीनदा वाजू दिला. लिहूनच सांगणार, म्हणजे मध्येच तुझी रेंज जाणार नाही. अक्षर मोठं आहे ते डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळे. कागद फाटलाय तो रागामुळे.

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात तू माझ्याबरोबर नव्हतीस असं तूच सांगितल्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगते. चाळीस माणसं बसलेली. समोरचा चौकटीच्या शर्टवाला मोबाइलवर एकच खिदळणारा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होता. नंबर पुकारलेला कोणाला ऐकू येईना. एक म्हातारे गृहस्थ आपला नंबर गेला का, म्हणून प्रत्येकाला विचारत होते. सगळे तोंडं वाकडी करत होते, आणि त्याने मान वर केली की छत बघत होते. मी आधी नुसतं पाहिलं. मग खाकरले. मग अगदी साखर पेरून म्हटलं, की आवाज जरा कमी करता का. त्याने वाढवला. तेव्हा मी त्याच्या आईबापांनी लावलेल्या वळणाची चौकशी केली, हे खरं. तो उभा राहून ओरडला, आणि ती वाकडी तोंडं मलाच म्हणाली, की बाई, कशाला तमाशा करता.

ते परके होते, सोडून दिलं. पण तू उठलीस, एक खुर्ची सोडून बसलीस आणि मधल्या खुर्चीवर पर्स ठेवलीस. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, की ह्यांच्याबरोबर कोण आहे. त्यावर माझी सख्खी बहीण पर्समध्ये काहीतरी शोधत म्हणाली, की मी ह्यांना ओळखत नाही.

बाईंनी माझ्या कागदावर ‘एकटी आली’ असं लिहिलं. नातेवाइकाची सही नसेल तर ऑपरेशनची तारीख देत नाहीत. इथे शाळेचे चार डझन शर्ट शिवायला पडलेत आणि मला काज दिसत नाही.

आशीर्वाद दिलेत, मायेचं नंतर पाहू.
ओळखीची नसलेली,
अक्का

ता. १० मार्च

ति. अक्कास,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. ह्यांनी वाचायला मागितलं, मी दिलं नाही.

तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. ठरवून म्हणाले. लहानपणापासून तू दुकानदाराला, रस्त्यात थुंकणाऱ्याला, मास्तरांनासुद्धा सुनवायचीस, आणि लोक बघायचे माझ्याकडे. तू बोलून मोकळी, मी उभ्या जागी कानकोंडी. त्या दिवशी पहिल्या वाक्यावर थांबली असतीस तर मी हलले नसते. त्याच्या आईबापांपर्यंत कशाला गेलीस? हे म्हणतात, अशा वेळी तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगावं, आपण तोंड घालू नये.

तुझ्या शेजारणीची सही चालेल का? मला तिथे पुन्हा जायची लाज वाटते.

राग फार दिवस सांभाळू नयेस, ही विनंती.
ठकी

ता. १३ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.
कर्मचाऱ्यांना सांगावं म्हणे! काउंटरवरच्या बाई सात पावलांवर नखं कोरत बसल्या होत्या. त्यांना काय टपालाने कळवायचं होतं? आईबापांपर्यंत गेले ते चुकलं. ते बिचारे तिथे नव्हतेच. एवढीच कबुली मिळेल, जास्त मागू नकोस.

सहीला जवळचंच माणूस लागतं, मी विचारून आले. बाई म्हणाल्या, तुम्हाला कोणीच नाही का? ठके, मी काय सांगायचं होतं? कागद उचलून घरी आले. काल मशीनची सुई नखातून आरपार गेली. बोटाचं सोड, शर्टाच्या कॉलरवर डाग पडला.

अक्का

ता. २० मार्च

ति. अक्कास,
सा. न. वि. वि. काल ह्यांना घेऊन पहिल्या बसने दवाखान्यात गेले, तुला न कळवता. काउंटरवर तुझं नाव देऊन सांगितलं, की मी त्यांची सख्खी बहीण, त्या दिवशी खोटं बोलले. बाई म्हणाल्या, मोठ्याने बोला, ऐकू येत नाही. येणार कसं? मागे एक जण फोन स्पीकरवर टाकून कोणाला तरी जुनी गाडी विकत होता. तिच्या टायरांची हकीकत सगळ्या खोलीला पाठ झाली होती.

वळून म्हटलं, की मी माझ्या बहिणीबद्दल बोलतेय, फोन बाहेर घ्या. त्याच्या आईबापांना गोवलं नाही. तो फोन घेऊन बाहेर गेला. मग खोली इतकी चिडीचूप झाली, की मी खोटं बोलल्याचं मला सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात पुन्हा सांगावं लागलं.

मागे पाहिलं, तर हे दोन खुर्च्या लांब सरकून भिंतीवरचा नजर तपासायचा तक्ता वाचत होते, पार खालच्या ओळीपर्यंत. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. अजूनही बोलत नाही. अक्का, किती राग येतो गं!

बाईंनी नवा कागद काढला, त्यावर सही केली. तारीख २८, सकाळी आठ.

मी आलेली चालेल का, ते कळवावं.
ठकी

ता. २३ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.
तुझं काम एका वाक्यात झालं आणि माझं तीन वाक्यांत बिघडलं, ह्याचाही राग आला आहे. तो वेगळा ठेवलाय. आधीचा अजून तसाच आहे, आणि एका सहीने जाईल असं समजू नकोस.

ये. नवऱ्यालाही आण, तक्ता वाचायला कोणीतरी हवंच. डोळ्यावर पट्टी बांधल्यावर कोण कुठे बसलंय ते मला नीट दिसणार नाही, म्हणून आताच बजावते. पर्स मांडीवर ठेवायची.

अक्का