तिसऱ्या पलंगावरचा हत्ती

ता. ४ फेब्रुवारी
जहाजावरून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तू मला फसवलंस. बंदरावर तुझा निरोप मिळाला की पाय मुरगळलाय, तू एकटा चढ, तिकीट वाया घालवू नकोस. मी बिचारा हळहळत चढलो, खोलीचं दार उघडलं, तर आत पलंगावर दादा! मला तू सांगितलं होतंस की सफरीला आपण दोघंच, तिसरा पलंग सामानाला; त्यालाही हेच सांगितलं असणार. मला बघून तो उठला आणि थेट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसरीकडे जायला जागाच नाही. खोलीला खिडकी नाही आणि जहाज भरलेलं आहे. मी चौकशी करून आलोय.

ताई, दुकानात आमच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे म्हणून आम्ही टिकलोय. मी सेलवर चालणारी घड्याळं ठेवायला लागलो आणि त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं, भिंत घातली, एका बाजूला त्याची चावीची घड्याळं, दुसऱ्या बाजूला मी. दुकान त्याच्या नावावर. आता तर शेजारच्या औषधवाल्याला विकायला निघालाय, परत गेल्यावर होकार देणार आहे. मग मी कुठे बसायचं, हे त्याला विचारायची सोय नाही, कारण आमचं बोलणं नाही. आणि अशा माणसाचं घोरणं मी ऐकत पडलोय.

बाकी जहाज झकास आहे. न्हाणीघर कपाटाएवढं आहे, पडदा अंगाला चिकटतो, साबण खाली पडला तर आधी बाहेर यावं लागतं, मग वाकता येतं. संकटात काय करायचं याची तालीम झाली. सगळ्यांना फुगीर जाकिटं चढवून रांगेत उभं केलं. पट्टे बांधणाऱ्या बाईंनी गडबडीत दादाचा पट्टा माझ्या जाकिटाला बांधला. दोघंही बोलेनात, त्यामुळे जेवणघरापर्यंत तसेच गेलो.

फोनला समुद्रात रेंज नाही. तशीही फोनवर आम्ही दोघं नुसतं हं म्हणतो, अशी तुझी तक्रार असतेच. म्हणून पत्र; जहाजाचं ऑफिस कागदाचा फोटो काढून त्याच दिवशी घरी पाठवतं आणि आलेलं उत्तर छापून देतं. पायाला जप. लोभ होता तेवढा राहिलेला नाही, तरी असावा.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. ४ फेब्रुवारी
जहाजावरून

ती. ताईस,
थोरल्याचा शि. सा. न. वि. वि.

मी रागावलेलो नाही. रागवायला समोर माणूस लागतं, आणि तू घरी पाय वर करून बसली आहेस. एवढंच लिहितो की या वयात मला कुणी असं कोंडून ठेवेल असं वाटलं नव्हतं.

खोलीची व्यवस्था चांगली आहे. झाडलोट करायला येतात त्या बाई फार हौशी. टॉवेलला घड्या घालून त्या प्राणी करतात. तुझ्या रिकाम्या पलंगावर पहिल्याच दिवशी त्यांनी एक हत्ती बसवला, सोंड वर केलेला. त्या हत्तीमुळे बरं झालं. मला दिवा मालवून हवा असला की मी हत्तीला सांगतो की डोळ्यांवर उजेड येतो. मग दिवा मालवला जातो. काल धाकट्यानंही हत्तीला सांगितलं की काही लोकांच्या ओल्या मोज्यांमुळे श्वास घेववत नाही. मी मोजे उचलले. हत्तीच्या शब्दाला मान द्यावाच लागतो.

पहिल्या दिवशी जहाज हलत होतं तेव्हा मला फार मळमळलं. उशाशी कुणीतरी गोळी आणि आल्याचा तुकडा ठेवला होता. त्या बाईच असणार. दुसरं कोण ठेवणार?

तू आमच्यात समेट करायला निघाली आहेस हे न कळण्याइतका मी खुळा नाही. आधी स्वतःच्या घरात बघ. वरच्या मजल्यावरच्या वन्संशी तू किती वर्षं बोलली नाहीस? त्यांच्या कुंड्यांचं पाणी तुझ्या वाळवणावर पडतं म्हणून झाडूच्या दांड्यानं छत ठोकतेस, ते काय बोलणं झालं? औषधवाल्याला मी परतल्यावर हो म्हणणार आहे. त्यावर लिहू नये.

प्रकृतीस जपावे. लोभ ठेवणं न ठेवणं तुझ्यावर सोडतो.

तुझा,
थोरला

&nbsp;

ता. ७ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून उजवा घोटा आणखी सुजला. डॉक्टर म्हणाले की मनाला लावून घेऊ नका. मी कसलं मनाला लावून घेतेय, हत्तीचं वाचून हसून हसून पोट दुखलं, तेवढंच दुखणं वाढलं.

लिहू नये म्हणालास म्हणून लिहिते. औषधवाला कालच येऊन दुकानात टेप लावून गेला. तुझ्या बाजूला त्याची गोळ्यांची कपाटं येणार आणि धाकट्याच्या बाजूला थंड पेटी. बाबांनी खिळे ठोकून केलेली ती लांब बैठक तो भंगारात देणार आहे. मला ते ऐकून रडू आलं, हे तुला कळावं. तुम्ही दोघं एकाच बैठकीवर मांडीला मांडी लावून काम शिकलात. तुझं दुकान तू विक, तो तुझा हक्क. पण धाकट्याशी एकदा बोलून मग विक. मुका राहून विकू नकोस.

वन्संचा विषय वेगळा आहे. त्यांनी कुंड्या मुद्दाम कडेला सरकवल्या आहेत.

आणि आलं त्या बाईंनी ठेवलं नसणार. एवढं डोकं चालव.

लोभ तुझ्या हट्टाइतकाच पक्का असू दे.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. ७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

फसवलंस म्हणून काय कांगावा करतोस! पाय मुरगळला तो मुरगळला. डावा घोटा असा टम्म फुगलाय की चप्पल चढत नाही. त्यातही मी आज बाजारात जाऊन तुझ्या वहिनीला भाजी आणून दिली, याचं कौतुक नाही कुणाला.

दादा घोरतो हे खरं. लहानपणी तू त्याचं घोरणं ऐकल्याशिवाय झोपायचा नाहीस हेही खरं. दुकान गेलं तर तू कुठे बसशील याची काळजी तुला वाटते, मला जास्त वाटते, आणि खरं सांगू, त्यालाही वाटत असणार. पण विचारल्याशिवाय तो सांगायचा नाही. तू विचार. लहान आहेस, तुला कमीपणा नाही.

त्याला आलं दिलंस ना? मला माहीत होतं.

मधूनमधून तरी हत्तीला बाजूला ठेवा. लोभात कसूर नको.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. ११ फेब्रुवारी
जहाजावरून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

उद्या सकाळी मोठं बंदर आहे. उतरून गाव बघायचं आणि जहाज सुटायच्या आत परत यायचं. उशीर झाला तर जहाज थांबत नाही, हे त्यांनी इतक्यांदा बजावलंय की तेही आता हत्तीला पाठ झालं असेल. आज भोंग्यावरून घोषणा झाली की आपण पश्चिमेकडे आलो, सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे घ्यावीत.

दादाचं तोंड बघायला हवं होतं. तुला बाबांचा नियम ठाऊक आहे, घड्याळजीनं दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपला काटा हलवू नये. दादानं तो नियम मोडणं शक्य नाही. म्हणजे उद्या तो कुठेतरी चुकणार, वेळेचा गोंधळ घालणार आणि मग माझ्यावर येणार. म्हणून तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचं चावीचं घड्याळ उचललं आणि एक तास मागे करून ठेवलं. त्याला पत्ताही नाही.

माझं मी दिवा मालवल्यावर पांघरुणात लावणार आहे. उघड लावलं तर त्याला वाटेल की सेलवाला भोंग्याचं ऐकतो. उजेड कशाला लागतो? चावी किती फिरवली की तास सरतो हे बोटांना कळतं. बाबांनी एवढं तरी शिकवलंय.

त्याच्यासाठी केलं हे त्याला सांगू नकोस. लोभाचं तुझं तू बघ.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. ११ फेब्रुवारी
जहाजावरून

ती. ताईस,
थोरल्याचा शि. सा. न. वि. वि.

घड्याळ एक तास मागे घ्यायची घोषणा झाली. त्या वेळी धाकटा गोळी घेऊन डोळे मिटून पडला होता. काही ऐकलं नसणार. ऐकलं तरी उद्या लावतो म्हणेल आणि विसरेल, लहानपणापासून तसाच आहे. उद्या गावात भटकत राहिला आणि जहाज सुटलं तर परक्या गावात काय करेल? म्हणून तो न्हाणीघरात गेल्यावर मी त्याचं ते सेलचं घड्याळ एक तास मागे केलं. हातात घेतलं तेव्हा वाटलं की काम नीट आहे. हे तुझ्यापुरतं.

माझं मी दिवा मालवल्यावर लावीन. नियम मोडतोय, पण जहाजावर कप्तान वडील. कुणाला दिसायला नको म्हणून पांघरुणात लावीन. माझं घड्याळ लावायला मला बघावं लागत नाही.

आल्याबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. उरलेला तुकडा जपून ठेवलाय. बराच वेळ झोप मात्र लागली नाही.

लोभ असावा, या वेळी मनापासून.

तुझा,
थोरला

&nbsp;

ता. १४ फेब्रुवारी
जहाजावरून, पुन्हा

ती. ताईस,
थोरल्याचा आणि धाकट्याचा एकत्र शि. सा. न. वि. वि.

अक्षर माझं, थोरल्याचं. मध्ये मध्ये धाकटा पेन ओढून घेतो, त्याला इलाज नाही.

त्या सकाळी आम्ही उठलो, आपापलं घड्याळ बघितलं आणि न्याहारीला गेलो, तर न्याहारी बंद. दोघांनीही मनात म्हटलं की जहाजवाल्यांना वेळेचं भान नाही. उतरलो आणि दोन वाटांनी गेलो. गावात चौकात नगरपालिकेची जुनी इमारत आहे, वर मनोऱ्यात मोठं घड्याळ. मी वर बघितलं, माझ्या मनगटाकडे बघितलं. मनोरा एक तास पुढे! आता तूच सांग, घड्याळजीनं चुकीचं घड्याळ बघून पुढे कसं जायचं? मी रखवालदाराला खुणांनी सांगायला गेलो, तर तिथे धाकटा आधीच हातवारे करत उभा.

(इथून मी, धाकटा. दादा पाल्हाळ लावतो.) दादानं माझं मनगट धरलं आणि आपलं त्याच्याशेजारी ठेवलं. दोन्ही घड्याळं काट्याला काटा सारखी. एक चावीचं, एक सेलचं! ताई, तो माझ्याशी बोलला. म्हणाला की तुझं बरोबर आहे. त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. रखवालदार आधी नाही म्हणत होता, पण दोन म्हातारे घड्याळजी आणि दोन सारखी घड्याळं बघून तोही गोंधळला. आम्ही वर गेलो, धूळ पुसली, तेल दिलं, आणि गावाचं घड्याळ एक तास मागे घेतलं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू.

(पुन्हा मी.) काटा सोडून वळलो तर मनोऱ्याच्या झरोक्यातून आपलं जहाज दिसलं. धूर सोडत निघालं होतं. मी म्हणालो की हे एक तास आधी निघालं, तक्रार करायला हवी. धाकटा म्हणाला की कडक तक्रार करू. मग त्यानं एकाएकी विचारलं की दादा, तू तुझं घड्याळ लावलं होतंस का. मी म्हणालो लावलं होतं, आणि तुझंही. तो मटकन पायरीवर बसला. त्यानंही माझं लावलं होतं. म्हणजे दोन्ही घड्याळं दोनदा मागे गेली होती, आणि आमच्यापायी सगळं गावही. आम्ही इतके हसलो की रखवालदार पाणी घेऊन आला. मनोरा पुन्हा नीट लावून खाली उतरलो. गावातल्या काही लोकांना त्या दिवशी डबल जेवणाची सुट्टी मिळाली असेल.

पायरीवरच मी धाकट्याला सांगितलं की दुकान मला विकायचं नव्हतं. भिंतीपलीकडून तुझं शीळ घालणं ऐकू यायचं आणि बोलता यायचं नाही, ते मला सोसवेना, म्हणून विकायला निघालो. तो रडला. मीही. औषधवाल्याला नाही म्हणून सांग. सुताराला बोलावून भिंतीत एक खिडकी पाडून घे. (धाकटा: खिडकी नको, सगळी काढायला सांग. दादा हो म्हणालाय, फक्त लिहायला लाजतो.)

जहाज कंपनीच्या माणसानं आम्हाला बसनं पुढच्या बंदरावर आणून जहाजात चढवलं. बसमध्ये वेळ होता म्हणून आम्ही एकमेकांना तुझी पत्रं वाचून दाखवली. माझ्या पत्रात तुझा उजवा घोटा सुजला आहे आणि धाकट्याच्या पत्रात डावा. एका पायानं रडतेस आणि दुसऱ्यानं बाजार करतेस. आम्ही रागावलो नाही. तू हे केलं नसतंस तर आम्ही तसेच मेलो असतो, तुझे उपकार फिटणार नाहीत. पण थोडे फेडायचा प्रयत्न केलाय.

तुझं न वापरलेलं तिकीट जहाजाच्या ऑफिसनं पुढच्या सफरीला बदलून दिलं. खोली तीच, बिनखिडकीची. दुसऱ्या पलंगासाठी आम्ही वन्संचं नाव लिहून दिलंय. त्यांना वेगळं पत्र गेलंय, त्यात तुझं नाव नाही. त्यांचा आजच होकार आला, एकटीला विसावा मिळेल म्हणून त्या फार खूश आहेत.

तिसऱ्या पलंगावर हत्ती बसवायला बाईंना सांगून ठेवलंय. घोटे दोन्ही बरे करून ठेव. आमचा लोभ आहेच, उरलेला वन्संकडून मिळव.

तुझे,
थोरला आणि धाकटा