पोट शांत, पण बाबांचा खोकला?

ती. आईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

आधी पोटाचं सांगतो, कारण तू तेच शोधशील. बरं आहे! काल बस पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत नेली आणि मध्ये एकदाही शौचालयाकडे धावलो नाही. कंडक्टर म्हणाला, “देव पावला वाटतं!” म्हटलं, “इंजेक्शन पावलं.”

डॉक्टरीणबाईंनी छान समजावलं. पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप धाडतात. त्यातल्या दोन प्रथिनांत एक तुकडा अगदी सारखा असतो. इंजेक्शनातलं औषध तो तुकडाच धरून ठेवतं, म्हणून सूज वाढवणारा निरोप अडला आणि आतड्यांची सूज उतरली. मात्र जंतूंशी, त्यातही क्षयाच्या जंतूंशी, लढायला बोलावणारा निरोपही त्यामुळे अडतो. घाबरू नकोस, माझी तपासणी आधीच झाली आहे. छाती स्वच्छ आहे.

बाबांचा खोकला थांबला का? “धुळीचा आहे” म्हणून ते उडवून लावतील. तू ऐकू नकोस, दवाखान्यात नेऊन थुंकी तपासून घे.

माझी रजा मंजूर झाली आहे, घरी येतोय. बाबा फारच हटून बसले तर एवढंच सांग, की धाकट्याला तुमच्या शेजारी बसून पोटभर जेवायचंय.

दोघांनी जपा.

तुझा,
आता दोन वेळा नीट जेवणारा
धाकटा