चौथी छत्री

४ एप्रिल १९६८

पोचलो एकदाचे नागपूरला! सांगलीहून निघताना सगळ्यांनी उन्हाची धास्ती घातली होती. ती खोटी नव्हती, पण आमच्या बंगलीच्या दारांना वाळ्याच्या टट्ट्या आहेत. त्यांवर पाणी मारलं की दुपारची झोप काय छान लागते! सुमतीने आल्या आल्या घर ताब्यात घेतलं आणि मला व्हरांड्यात हाकललं. बरंच झालं. व्हरांड्यातून माझी बाग दिसते.

माझी म्हणजे सरकारची. उमरेड रस्त्यापासून जराशी आत, भोसल्यांच्या कुणा सरदाराने बांधलेली. मध्ये चौकोनी हौद, चारी दिशांना दगडी पाट, पाटांच्या कडेने संत्र्याची झाडं. हौदाच्या कोपऱ्यांवर छत्र्या, म्हणजे चार खांबांवर घुमट. पण छत्र्या तीनच! चौथ्या कोपऱ्यात नुसता चौथरा. पाहून जीव खालीवर होतो. माझं काम बाग दुरुस्त करण्याचं आहे, नवं बांधण्याचं नाही. तरी मी चौथी छत्री बांधणारच. नकाशा आजच काढायला घेतला.

९ एप्रिल

शालिकराम नावाचा गवंडी मिळाला आहे. हातात जादू आहे, पण तोंडही तसंच. चौथ्या छत्रीचं ऐकताच कुरकुरायला लागला. म्हणाला, पुरं कराचं नसते साहेब, एक कोपरा सोडाच लागते. त्याच्या घराण्याची ही रीतच आहे म्हणे. स्वतःच्या घराची वीतभर भिंतही त्याने बिनगिलाव्याची सोडली आहे. मी म्हटलं, म्हणूनच तुमची घरं गळतात. त्याचा मेहुणा गोपाळराव हसला, तो नाही हसला. माळीणबाई बायजाबाईनेही मला विचारलं, काहून हट्ट करता? माझ्या कामात आता माळीणही नाक खुपसणार!

शेवटी काम काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा शालिकराम तयार झाला.

२ मे

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी शालिकरामने घुमटाचा शेवटचा दगड बसवला. खाली उतरला, हात धुतले. गोपाळराव चौथऱ्यावर पाठमोरा बसून भाकरी खात होता. शालिकराम मागून गेला आणि त्याच्या डोक्यात हातोडा घातला. एकदा नाही. हातोडा खालच्या दगडावर आपटून खणखणायला लागला, तेव्हा थांबला. मग माझ्याकडे येऊन त्याने अदबीने पाणी मागितलं. चेहराभर रक्त उडालं होतं.

पोलिसांनी नेताना तो रडत होता. म्हणाला, म्या पुरं केलं साहेब, मंग हात माहा राह्यला नाही.

६ मे

ऊन डोक्यात गेलं असेल. दारू असेल. (तो दारूला शिवत नव्हता, हे मला ठाऊक आहे.)

वरचे साहेब पाहणीला येणार आणि छत्रीवर कळस नाही. एकही मजूर शिडीला हात लावेना. मला शिडीवर चक्कर येते. यावरून सुमती मला लग्नापासून चिडवते. आज तिनेच पदर खोचला. बायजाबाई खालून ओरडत होती, नको वं बाई, उतर! सुमतीने कळस बसवला आणि वरून मला वेडावून दाखवलं.

चारी छत्र्या पाण्यात उमटल्या. मला भरून आलं.

९ मे

बागेतले मोर मेले. सगळे. माना पिळून पाटात टाकलेले. आम्ही दुपारी झोपलो होतो तेव्हाच कुणीतरी केलं.

उठलो तर माझ्या बनियनवर रक्त. अंगावर जखम नाही. चादरीवरही रक्त होतं. सुमतीने चादर धुवायला नेली.

११ मे

सुमतीच्या बांगड्या फुटल्या आहेत, मनगटांवर ओरखडे आहेत. कसं झालं ते तिला आठवत नाही. मी झोपेत पिरगळलं असणार. मी रडलो. मला चिडवणारी माझी बायको आज अवाक्षर बोलली नाही.

१३ मे

चौकीदार देवाजी हौदात सापडला. भर दुपारी. त्याच्या डोळ्यात भिंतीची उभी रेघ तपासायचा माझा टोकदार पितळी ओळंबा दोरीपर्यंत रुतला होता. माझ्या टेबलावरचा ओळंबा!

पोलिसांनी सुडाच्या संशयाने शालिकरामच्या भावांना धरून नेलं. मी गप्प राहिलो. जो पुरं करतो त्याचा हात त्याचा राहत नाही. हट्ट माझा, नकाशा माझा. म्हणजे मीच. झोपेत मीच उठतो, आणि त्या खाटेवर शेजारी सुमती असते. तिला काही झालं तर—

१४ मे

ठरलं. नकाशाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली सुमतीकडे. तिला सांगितलं, मी कितीही ओरडलो तरी उघडू नकोस, बायजाबाईबरोबर उमरेडची बस धर. तिने मान हलवली. खिडकीचे गज पक्के आहेत. आता मी तिला काही करू शकत नाही. पहिल्यांदाच जीव भांड्यात पडला.

दुपार

बायजाबाई ओरडली. एकदाच.

खिडकीतून पाट दिसतो. पाणी लाल आहे. बायजाबाईचं लुगडं त्यात— पण मी तर इथे आहे. कुलपात. मग कोण—

सुमती हौदावर बसली आहे. शांतपणे हात धुते आहे. शेजारी कुदळ.

नकाशा मी काढला. पण कळस—

कळसाला मी हात लावलाच नव्हता. सुमती, तू—

उठली. वर बघते आहे. माझ्याकडे. पदर खोचला तिने, त्या दिवशीसारखाच—

गज हलत नाहीत.

व्हरांड्यात पावलं. कुदळ फरशीवरून ओढत— हाका मारतो आहे, ओ देत नाही. माझी सुमती, मीच तुला शिडीवर—

किल्ली तिच्याकडेच आहे. मीच दि