भूतकाळातली दोन वाक्यं

अगं,
तू ड्यूटीवरून येशील तोवर मी कामावर गेलेलो असेन. चिमीला हाक मारू नकोस, खांद्याला हात लावून उठव.

काल मी तिला शुद्धलेखन घातलं. तिला ऐकू येतं पण शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून तू पंखा बंद करून, समोर बसून, एकेका शब्दासाठी एक कोरी कागदी पट्टी मांडतेस. मला ते नसते लाड वाटायचे. मी पाठमोरा इस्त्री करत अख्खं वाक्य सांगितलं. तिने तिसऱ्यांदा "काय?" विचारल्यावर "कान फुटलेत का?" म्हणून खेकसलो.

आज सकाळी तिची वही पाहिली. गृहपाठात भूतकाळातली दोन वाक्यं लिहायची होती.

"बाबा ओरडले. मी ऐकत होते."

एकही चूक नाही. बरोबरची खूण तूच कर, माझा हात धजावत नाही.